कानापासून कानापर्यंत

आमच्या घरात जे म्हणून जागचं हललं नाही, त्याला हिने क्रोशाचं काहीतरी घातलं. टेबलाला, रेडिओला, पाण्याच्या जगला, इतकंच काय, इस्त्रीच्या मुठीलाही. एकदा दुपारी खुर्चीत मला जरा जास्त वेळ डुलकी लागली, तर जागा झाल्यावर आधी स्वतःच्या अंगाकडे बघून घेतलं. कुणाला काही द्यायचं तर हिच्या हातचंच. बहिणीला शाल, शेजारणीला पिशवी, दातांच्या डॉक्टरला चष्म्याचं घर. लोक तोंडभरून कौतुक करतात आणि वस्तू कपाटात टाकून देतात, असं मी हिला कितीदा तरी ऐकवलं. ही "बरं" म्हणायची आणि पुढचा गुंडा सोडवायला घ्यायची.

मी स्वतः छत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. लोखंडाचा दांडा फिरत ठेवायचा, पात्याने तासायचा आणि ड्रॉइंगवर जे माप लिहिलंय तेच काढून द्यायचं. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी सुपरवायझरच्या आधी मीच तो जॉब भंगारात टाकायचो. हिचं काम मात्र सगळं अंदाजपंचे. माप विचारलं की म्हणायची, "हाताला कळतं." हाताला कळतं म्हणे! या एका वाक्यावर आमची चाळीस वर्षं भांडणं झाली.

तर, ही जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. कोपरापर्यंत प्लास्टर. आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी आमची लेक सातव्या महिन्यात बाळंत झाली.

लेकीला आम्ही ठकी म्हणतो. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं आहे, पण लहानपणी रुसली की लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, तेव्हापासून ठकी. मुलगा झाला, सव्वा किलोचा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिथे आईबापाशिवाय कुणाला सोडत नव्हते. जावयाने फोटो पाठवला. लालसर तोंड, दोन नळ्या, डोक्याला गुंडाळलेलं पांढरं कापड. बाळ केवढं आहे ते काही कळेना.

"फोटो काढताना शेजारी एखादं पेन ठेवायचं," मी जावयाला फोनवर म्हणालो. "म्हणजे अंदाज येतो."

"बाबा, पेन आत नेऊ देत नाहीत," तो म्हणाला. चार रात्री त्याचा डोळा लागला नव्हता, तरी आवाज चढवला नाही. गुणी आहे पोरगा.

त्यानेच सांगितलं की वॉर्डातल्या सिस्टरांनी घरून सुती टोप्या मागवल्या आहेत. इतक्या लहान बाळाची ऊब डोक्यातून निघून जाते, आणि तिथल्या टोप्या याला गळ्यापर्यंत येतात. ऐकल्याबरोबर ही उठली, दोऱ्यांची पेटी काढली, क्रोशाची सुई उचलली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी ती धरून बघितली. सुई खाली पडली. दुसऱ्यांदाही पडली. मग ही पेटीवर डोकं ठेवून रडली. मी हिला माझी आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर हेच.

तेवढ्यात ठकीचा फोन आला. "आई, काही करायला घेऊ नकोस. काही आणू नका. घरात काही ठेवू नका." बस्स, फोन बंद.

त्यातलं मला आधी कळलं नाही, हिने समजावलं. बाळ घरी आलं नाही आणि टोपी मात्र राहिली, तर त्या टोपीकडे बघायचं कसं, याची पोरीने धास्ती घेतली होती.  

जावई म्हणाला, "तुम्ही करा. तिला मी सांभाळून घेतो." मग घरात हात उरले ते माझेच.

पहिल्या दिवशी हिने मला शिकवलं आणि आमचा संसार मोडायच्या बेतात आला. आधी साखळी, मग दोऱ्याचा गोल, गोलात सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा. हे मला पटकन समजलं, कारण हे सरळ गणित होतं. पण माझा टाका एवढा आवळलेला की पुढच्या फेरीला सुई आत शिरेना.

"दोऱ्याशी वैर आहे का तुमचं?" ही म्हणाली. "सोडा जरा."

"सोडलं तर माप राहत नाही."

"अहो, टोपी करायचीय. पातेलं नाही."

खरं सांगायचं तर पातेलंच झालं होतं. टेबलावर ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं. उसवलं. पुन्हा केलं, पुन्हा उसवलं. तिसऱ्या खेपेला मी सुई खाली ठेवली आणि म्हणालो, मला माप पाहिजे. मापाशिवाय मी पुढे जाणार नाही.

"बाळाचं डोकं म्हणजे काय मशीनचा शाफ्ट आहे?" ही कडाडली. "एवढंसं असतं. लिंबाहून मोठं, मोसंबीहून थोडं मोठं. करा!"

आता यावर काय करणार? मी जावयाला फोन लावला. त्याने सिस्टरच्या कागदावरून घेर सांगितला, साडेसव्वीस सेंटिमीटर. घेर मिळाला, पण टोपीला खोली लागते. एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या पाळीपर्यंत. ते माप कागदावर नव्हतं, कारण डॉक्टरांना ते लागत नाही. मला लागत होतं.

जावई घुटमळला आणि मग बोलून गेला. ठकी आत जायची, काढलेलं दूध सिस्टरच्या हातात द्यायची आणि दारातूनच परत यायची. त्या काचेच्या पेटीला हात घालायला दोन गोल खिडक्या असतात. आई-बापांनी हात धुऊन आत घालावा, बाळाला हात लावावा, त्यानं बाळ सुधारतं, असं सिस्टर रोज सांगायची. ठकीने सहा दिवसांत एकदाही हात घातला नव्हता. "माझ्या पोटात धड राहिला नाही तो," ती जावयाला म्हणाली होती. "आता माझा हात नको लागायला."

हे ऐकून ही भिंतीकडे तोंड करून बसली. मीही बसलो. पोरीशी काय बोलायचं ते मला सुचेना. मला बोलायचं सुचतच नाही, ही माझ्याबद्दलची जुनी तक्रार आहे. पण माप तर हवंच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन तिच्या शेजारी बसलो. हिने उकळून, वाळवून दिलेले दोन दोरे एका स्वच्छ पिशवीत होते.

"ठके, एक घेरासाठी आणि एक कानापासून कानापर्यंत," मी म्हणालो. "जिथे टोकं जुळतील तिथे गाठ मार."

"घेर सिस्टरने दिलाय ना."

"दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कधी काम केलंय?"

"मग त्यांना सांगा. ते घेतील." म्हणजे जावई.

"त्याचे हात फावड्याएवढे आहेत. गाठ मारताना दोरा सरकेल."

"बाबा, मी टोपी करू नका म्हणाले होते."

"तुझं ऐकून घेतलं. पण त्याचं डोकं उघडं आहे."

हे मी जरा जोरात बोललो. बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. ठकी ताठ झाली, लहानपणीसारखी. मला वाटलं, आता उठून जाईल. ती उठली खरी, पण पिशवी माझ्या हातातून ओढून घेऊन आत गेली.

नंतर ही सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली की यांनी काय युक्ती केली, पोरीला बाळापाशी कसं पाठवलं. मी कसली युक्ती करतोय! मला माप हवं होतं. पण हिला कोण समजावणार.

ठकी पंचवीस मिनिटांनी बाहेर आली. डोळे सुजलेले, हात कोपरापर्यंत ओले. दोन्ही दोरे माझ्या तळहातावर ठेवले. गाठी बारीक आणि पक्क्या होत्या, माझीच पोर ती. मग म्हणाली, "बाबा, त्याच्या कानाला हाडच नाहीये. दुमडला की दुमडलेलाच राहतो. मी सरळ केला." आणि थोड्या वेळाने, "दोरा लावला तर कसलं तोंड वाकडं केलंन. अगदी तुम्ही करता तसं." आणि ती हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही, दोन्ही चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत आत गेली, माझ्या सांगण्याशिवाय.

टोपी मी चार दिवसांत केली. घेर साडेसव्वीस, वर अर्धा सेंटिमीटर मोकळा. बेअरिंग बसवताना ठेवतात तसा. ही ओरडत होती की टोपी डोक्याहून लहान करायची असते, ती ताणली जाते, तेव्हा ती धरून बसते. मी ऐकलं नाही. सकाळी जावयाबरोबर पाठवली, संध्याकाळी टोपी परत आली. बाळाच्या नाकापर्यंत घसरली म्हणे. माझा जॉब, परत! रात्री जेवण गेलं नाही. ही मात्र दोन घास जास्त जेवली.

दुसरी टोपी हिच्या सांगण्याप्रमाणे, चोवीसची. हात सैल ठेवून, दोरा बोटावरून नुसता जाऊ देत. आठ फेऱ्या झाल्या होत्या तेव्हा जावयाचा फोन आला. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. श्वासाची नळी पुन्हा घालावी लागली आणि घरचं कापड आत न्यायला मनाई झाली.

ते अकरा दिवस मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ठकी रोज हात धुऊन आत जायची आणि खिडकीतून एक बोट त्याच्या टाळूला लावून तासन्‌तास उभी राहायची. हे जावयाने सांगितलं. आणि घरी ही समोर बसून माझे टाके बघायची, एकही चूक काढायची नाही. हिने चूक काढणं थांबवलं की मला भीती वाटते. टोपी पुरी झाली तरी मी पुन्हा उसवून पुन्हा केली, कारण पुरी करून ठेवायला धीर होईना.

बाराव्या दिवशी नळी काढली. पंधराव्या दिवशी सिस्टर म्हणाली, टोपी आणा. मी स्वतः नेऊन दिली आणि बाकावर बसलो. शेजारी ही, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

ठकी टोपी घेऊन आत गेली आणि दहा मिनिटांत टोपी घेऊनच बाहेर आली.

"होत नाहीये," ती म्हणाली.

मी खिशातून टेप काढला, टोपी मांडीवर सपाट केली, मापली. बरोबर चोवीस. उलटी करून मापली. चोवीस. दोन्ही हातांनी ताणून बघितली, सव्वीस, सत्तावीस, पुढे जाईना.

"माप चुकलेलं नाही," मी म्हणालो. "हे बघ. तूच बघ. चोवीस."

"बाबा."

"टाके मोजून घे पाहिजे तर. एकही कमी नाही."

"बाबा, टोपी बरोबर आहे. कपाळावरच अडते. त्याचं डोकं मोठं झालंय."

मला समजायला वेळ लागला. हिला लागला नाही. हिने प्लास्टरच्या हाताने माझ्या पाठीत असा धपका घातला की समोरचा गुरखा उठून उभा राहिला. "अहो, वाढलाय तो! वाढलाय!" आणि त्या बाकावर, चारचौघांत, मी टोपीत तोंड खुपसलं. लाज वगैरे काही वाटली नाही. टोपीला साबणाचा वास येत होता.

ठकी माझ्या दुसऱ्या बाजूला बसली.  मग मी नाक पुसलं आणि कामाचं बोललो. "नवीन माप घेऊन ये. उद्या सुरू करतो."

"लहान टोप्या आल्यात आता सिस्टरांकडे, त्या बसतात," ती म्हणाली. "तुम्ही घरातली करा. थंडीतली. कानावरून खाली येणारी, बंदांची."

थंडी अजून चार महिने लांब होती. हिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे.

"चार महिन्यांनी त्याचं डोकं केवढं असेल ते मला काय माहीत?" मी म्हणालो. "माप कुठून आणू?"

ठकीने दोन्ही हात समोर धरले, बोटं थोडी वाकवून, मध्ये जागा ठेवून. क्षणभर बघितलं, मग हात अजून जरा लांब केले.

"एवढं," ती म्हणाली.

टेप माझ्या हातातच होता, पण मी तो लावला नाही. हात तसेच धर म्हटलं, आणि त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.