बाराचं काय भ्या लागते?

मित्रांनो, मी एक जुना हॅम रेडिओ आहे, तळहातावर मावेल एवढा. माझ्यावर गाणी लागत नाहीत. परीक्षा देऊन परवाना काढलेली हौशी माणसे माझ्यातून दूरच्या माणसाशी बोलतात. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे, इतके सोपे. आता मला फक्त ऐकू येते. असे का झाले, तेच सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवते ती वर्ध्याजवळच्या नालवाडीतली खिडकी. माझे मालक हरिदास हे निवृत्त वायरमन. त्यांचे जिवाभावाचे मित्र प्रेमदास सिंदी रेल्वे या गावी राहतात. दोघांनी नागपूरला जाऊन परीक्षा दिली. पास झाल्यावर प्रेमदासांनीच मला हरिदासांच्या हातात ठेवले आणि छतावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेनाही उभारून दिला.

रोज सकाळी साडेसहाला माझ्यातून आवाज यायचा, "जय भीम, हरिदास." मग बोलण्यात कपाशीवरची बोंडअळी निघायची, गुडघे निघायचे, नातीचे पेपर निघायचे. चहा निवून जायचा आणि हरिदासांच्या पत्नी पंचफुलाबाई आतून रागवायच्या. अकरा वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते.

मग माझी बॅटरी फुगली. प्रेमदासांनी पूर्वीच बजावले होते, "काई झालं तं खोलू नको. मले सांगजो." पण जन्मभर खांबांवर चढलेला माणूस एवढ्याशा डबीसाठी दुसऱ्याला कशाला विचारेल? हरिदासांनी शेतातल्या फवारणी पंपाची बॅटरी आणली आणि तिच्या तारा माझ्या पोटात जोडल्या. मला साडेसात व्होल्ट पुरतात, ती बाराची होती.

"काऊन हो, चालन का हे त्याले?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"चारशे चाळीस हाताळले म्या. बाराचं काय भ्या लागते?"

त्यांनी बटण दाबले. "जय" एवढेच माझ्या तोंडून गेले आणि पोटातून धूर निघाला. पंचफुलाबाई पुटपुटल्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." गंमत अशी की, माझ्या मापाची बॅटरी वर्ध्याच्या बाजारात तासाभरात मिळाली. ती लावल्यावर मला ऐकू येऊ लागले, पण वाचा परत आली नाही.

दुसऱ्या सकाळी प्रेमदासांनी हाक मारली. हरिदास माझ्यासमोर मान खाली घालून बसले. मित्राने दिलेली वस्तू, मित्राचेच न ऐकता जाळली, हे सांगायचे कोणत्या तोंडाने? प्रेमदासांचा फोन आला तेव्हा त्यांनी तो बायकोपुढे सरकवला. "घसा बसला याईचा," त्या नाइलाजाने म्हणाल्या. तरीही रोज हाक यायची. प्रत्येक हाकेला मी आतून तडफडायचो.

पाचव्या दिवशी प्रेमदास ज्येष्ठमधाची पुडी घेऊन दारात उभे राहिले. हरिदासांनी घाईने गळ्याला मफलर गुंडाळला आणि घशाकडे बोट दाखवले. पंचफुलाबाईंना ते बघवेना. "भाऊजी, घसा चांगला हाये याईचा. तुमचा सेट जाळला यायनं, म्हून लपून राह्यले."

प्रेमदासांनी मला हातात घेतले, उघडून पाहिले आणि खाली ठेवले. "सेट जळला त्याचं काई नाई," ते म्हणाले. "घशाचं आयकलं, तरी मले वाटलं, तू माह्यावर रागावला. चार दिवस मी आठवून राह्यलो, माह्याकडून काय चुकलं."

हरिदासांनी मफलर काढला आणि त्यातच डोळे पुसले.

माझा जळलेला भाग आता मिळत नाही. तरी सकाळ पुन्हा भरते. प्रेमदास बोलतात, मी ऐकवतो आणि हरिदास मोबाईलवरून मिस कॉल देतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दोघे म्हातारे यावर पोरांसारखे हसतात.

मित्रांनो, जे कळत नाही ते जाणत्याला विचारल्याशिवाय उघडू नका, ही माझी विनंती. तरीही हातून बिघडलेच, तर त्याच दिवशी सांगून टाका. माझा आवाज गेला, त्याची मला सवय झाली. पण त्या चार सकाळी सिंदीत एक माणूस, काहीही चुकले नसताना, स्वतःची चूक शोधत बसला होता.