पटावरची कुमारी चंद्रा म्हैसाळे

महिला महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवात पहिल्या तुकडीतल्या वीसच्या वीस विद्यार्थिनींचा सत्कार करायचा, असं प्राचार्य धैर्यशील सरांनी परस्पर जाहीर करून टाकलं आणि त्यांना शोधायचं लचांड नुजहतच्या गळ्यात मारलं. नुजहत कॉलेजची ग्रंथपाल, तीही कंत्राटी. "एक जरी कमी पडली, तर पुढच्या वर्षी तुमचं काय ते बघू," सर गोड हसून म्हणाले.

एकोणीस जणी सापडल्या. विसावी, कु. चंद्रा म्हैसाळे, काही हाती लागेना. नुजहतनं जयसिंगपूर, इचलकरंजी पालथी घातली, चार म्हैसाळ्यांच्या घरी चहा प्यायली. चंद्रा कुणालाच ठाऊक नव्हती.

शेवटी तिनं बयाबाईंना गाठलं. कॉलेजच्या त्या जुन्या शिपाई. निवृत्त झाल्या तरी रोज फाटकाशी येऊन बसायच्या.

"चंद्रा व्हय?" बयाबाई पोट धरून हसल्या. "आवो, संस्थापक आण्णांची म्हस हुती ती! मान्यतेला वीस पोरी पायजे हुत्या, मिळाल्या एकोणीस. आण्णांनी गोठ्याकडं बघितलं आन् दिलं नाव लावून!"

नुजहतनं कपाळाला हात लावला. आता शाल घालायची कुणाला? "पण मावशी, ही तर पहिल्या वर्षी सेकंड क्लासमध्ये पास झालीय!"

बयाबाईंचं हसू मावळलं. "मी मॅट्रिक झालतो, पर त्यांचा गोठा साफ करायचो. तपासणीला 'हजर' म्हणायला मला बशिवलं. सायब परत येईल म्हणून वरीसभर बशिवलं. मग परीक्षा बी दिली की! कागुद मातर म्हशीच्या नावाचा. फुडच्या वर्षी पोरी वाढल्या, आन् आण्णांनी माझ्या हातात घंटा दिली."

नुजहतला आण्णांच्या हार घातलेल्या तसबिरीचा सणकून राग आला. "मग सत्काराला तुम्हीच चला, मावशी," ती म्हणाली.

"सत्काराला येतो," बयाबाईंनी बजावलं, "पर म्हशीच्या नावानं न्हाय."

समारंभाचं सूत्रसंचालन नुजहतकडंच होतं. "विसाव्या विद्यार्थिनी," सरांकडं न बघता तिनं पुकारलं, "बयाबाई पिराजी लोहार!"

"हजर!" मागच्या रांगेतून आलेल्या आरोळीनं व्यासपीठावरचे पाहुणे दचकले.

बयाबाईंना शाल घालताना सर दातओठ खात कुजबुजले, "आणि ती म्हैसाळे?"

माईक चालूच होता.

"चंद्रा दूध द्यायची, सर," बयाबाई म्हणाल्या. "शिकत मी हुतो."