जिवनबाईचा ढावलो

जिवनबाईच्या गळ्यातली स्वरपेटी काढावी लागेल, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिच्या पोराच्या, प्रेमदासच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"मग तिला गाता येईल का?"

डॉक्टरांनी मान हलवली. "गाणं सोडा, बोलताही येणार नाही. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. पण जीव वाचेल. आता उशीर करू नका."

पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

वारंगा फाट्याच्या आसपासच्या बंजारा तांड्यांत लग्न ठरलं, की जिवनबाईला निरोप यायचा. नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. तो शिकावा लागतो. कितीतरी पोरी जिवनबाईकडून तो शिकून सासरी गेल्या होत्या. तिची स्वतःची पोरगी दिपा मात्र "माझं ठरू तर दे, मग शिकते," म्हणत राहिली. आता तिचं ठरलं होतं, लग्न दिवाळीनंतर होतं, आणि शिकवणारीचा आवाज मे महिन्यातच जाणार होता.

प्रेमदास डोंगरकडा गावी टायपिंगच्या दुकानात कामाला होता. ढावलो रेकॉर्ड करून ठेवायचा, म्हणजे दिपाला ऐकून ऐकून तरी शिकता येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. आधी घरातल्या टेपवर करून पाहिलं. टेप जुना, मोटर घसरणारी. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. दिपानं ऐकलं आणि ती रडायलाच लागली. "ही याडी न्हाई," ती म्हणाली. घरात आईला याडीच म्हणत.

मग प्रेमदासनं मालकाचा एक पडून असलेला कंप्युटर मागून आणला. त्याच्यासोबतच्या काडीसारख्या माइकमध्ये याडीपेक्षा खरखर जास्त येत होती. कंप्युटरमधला आयता रेकॉर्डर मिनिटभरातच थांबायचा, आणि ढावलोचा पहिला हुंदकाच तेवढा लांब.

फाट्यावर कय्युमचं कॅसेट आणि सीडीचं दुकान होतं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. कय्युम त्याला घेऊन नांदेडला गेला. दुकानदारानं दोन माइक पुढे ठेवले. एक महागडा, त्याला वेगळी वीज पुरवणारी पेटीही घ्यावी लागणार होती. "हा बारीक श्वाससुद्धा पकडतो," दुकानदार म्हणाला. "पण बाहेरची बकरीही पकडंल." दुसरा हातात धरून गायचा, स्वस्त, दणकट. तो फक्त तोंडाजवळचं ऐकणार.

"तुझं घर पत्र्याचं, शेजारी चक्की," कय्युम म्हणाला. "हाच घे बराबर."

प्रेमदासनं स्वस्त माइक घेतला. पेटीसकट तो दुसरा परवडणारच नव्हता, पण आपण चुकीचं घेतलं ही टोचणी त्याला तिथूनच लागली. याडीचा आवाज रोज बसत चालला होता.

घरी आल्यावर माइकमधून नुसती घूंऽऽ अशी घरघर. घराला अर्थिंगच नव्हतं. दोघांनी मागच्या अंगाला खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून लोखंडी नळी पुरली, पाणी ओतलं. जिवनबाई दारात बसून बघत होती.

"माझ्यासाठीच खणून राहिले का रे?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

प्रेमदासनं नळीपाशी आणखी एक बादली ओतली.

घरघर थांबली. पत्र्याचा घुमारा मरावा म्हणून दिपानं भिंतींवर गोधड्या टांगल्या. कय्युमनं कुठल्याशा मित्राकडून आणलेल्या सीडीवरचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि तो दुकानावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी याडीचा गळा जरा मोकळा होता. प्रेमदासनं माइक तिच्या ओठांजवळ धरला. "दूर धर, माझा थुंका उडंल," ती म्हणाली, आणि दिपाच्या मानेवर हात टाकून तिनं सुरुवात केली. आधी बापाला सोडतानाचं, मग भावाला, मग तांड्याला. वरच्या जागी आवाज चिरला, पण तुटला नाही. पडद्यावर हिरवी रेघ उसळत होती. प्रेमदासला वाटलं, झालं, आता काही जात न्हाई.

गाणं संपलं. त्यानं सेव्ह केलं. एक इंग्रजी चौकट उघडली. त्यानं दोनदा वाचली. सॉफ्टवेअर नमुन्याचं होतं, विकत घेतल्याशिवाय काहीही साठवता येणार नव्हतं. घाबराघुबरा होऊन त्यानं प्लेचं बटण दाबलं. याडीचा आवाज स्वच्छ आला. म्हणजे कंप्युटर चालू असेपर्यंत तो तिथं होता, बंद पडला की गेला.

"दिपा, याला कोणाला हात लावू देऊ नको!"

मोटरसायकल काढून तो फाट्याकडे सुटला. कंप्युटरमधून वाजवायचं आणि कय्युमच्या दुकानातल्या, माइक न लागणाऱ्या पण वायरनं भरणाऱ्या चांगल्या टेपवर उतरवायचं, एवढाच मार्ग त्याला सुचला. कय्युमनं गिऱ्हाईक तसंच सोडलं, टेप आणि वायर घेतली, मागे बसला. "मला ठाऊक नव्हतं रे," तो वाटभर म्हणत राहिला. प्रेमदासनं गाडी आणखी ताणली. वीज दुपारपर्यंत राहायची. वेळ होता.

तांड्याच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली. चक्कीचा आवाज येत नव्हता.

घरात दिपा काळ्या पडद्यासमोर बसली होती. "मी हात न्हाई लावला, भाऊ," ती म्हणाली. "वीज आपोआपच गेली."

प्रेमदासनं माइक भिंतीवर फेकला. गोधडीला लागून तो खाली पडला. मग प्रेमदास तिथंच बसला आणि लहान लेकरासारखा रडला. जिवनबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रडतो? पुन्हा म्हणते की."

पण गळा पुन्हा उघडला नाही. कय्युमनं फुकट मिळणारं, साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर शोधून आणलं. रोज वीज आली की माइक तिच्या ओठांना टेकवावा लागे. ती दोन ओळी म्हणायची आणि खोकल्याची उबळ यायची. वरची जागा नुसत्या हवेनं जायची. तो दुसरा माइक असता तर एवढंही पकडलं असतं, प्रेमदासच्या मनात येई. शेवटी तिनं गाणं सोडलं आणि ओळी फक्त सांगितल्या. दिपा म्हणायची, याडी दुरुस्त करायची. "न्हाई, इथं श्वास घेऊ नको. रडू येऊ दे." एवढंच साठलं. मग नांदेडला जायचा दिवस आला.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर प्रेमदासनं ते रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. तिनं थोडं ऐकलं. मग तिनं तळहात वर केला, बंद कर म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानं पुन्हा कधी तिच्यासमोर ते लावलं नाही. दिपा मात्र फाट्यावर कय्युमच्या दुकानात जाऊन ऐकत राहिली.

दिवाळीनंतर लग्न झालं. निघताना दिपा भावाच्या, बापाच्या गळ्यात पडून जमेल तसं गायली. आईपाशी आली आणि मधेच अडली, पुढची ओळ सुचेना. जिवनबाईचे ओठ हलले, पण गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसली. दिपानं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठांकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"कळत न्हाई गं याडी," ती म्हणाली, आणि शब्दांशिवाय नुसतीच रडली.

जीप सुरू झाली. धूळ उडाली तशी प्रेमदासनं पुढे होऊन याडीच्या ओढणीचा पदर तिच्या गळ्याच्या भोकावर धरला.