उतरवलेली पट्टी

मी मधल्या आवाजाचा माणूस. चौघांच्या गाण्यात मधला आवाज कुणाला ऐकू येत नाही, पण सुरुवातीला पट्टी देतो तो मीच. आमच्यात पेटी नाही, पियानो नाही. मी हलकेच गुणगुणतो आणि बाकीचे तिघं तिथून उचलतात. ‘फर्नेस हिल फोर’ हे नाव अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या बेसिमर गावात साठ वर्षं टिकलं, त्यात माझ्या गुणगुणण्याचाही वाटा आहे. कुणी म्हणत नाही म्हणून मीच म्हणतो.

तर माझं पाप आधी सांगून टाकतो. अकरा वर्षांपूर्वी लेम्युएलचा वरचा सूर फाटायला लागला. लेम आमचा मुख्य गायक आणि भलता मानी. त्याला सांगायची कुणाची छाती? म्हणून मी दर नाताळला पट्टी केसभर खाली द्यायला लागलो. गडी खूश. ऐंशीला टेकलो पण आवाजाला सुरकुती नाही, असं चर्चभर सांगत फिरायचा. मला वाटायचं, केवढं पुण्य करतोय मी.

यंदा नाताळच्या आदल्या रविवारी, दुपारच्या कार्यक्रमाआधी, त्याने मला चर्चच्या तळघरात बाजूला घेतलं. होझी म्हातारा झाला, हे तो गेली काही वर्षं म्हणायचाच; आता त्याला थांबवायलाच हवं, म्हणाला. होझी म्हणजे आमचा खर्जाचा आवाज.

“खालचा सूर येतच नाही त्याला. नुसतं तोंड हलवतो. आजचं होऊ दे, मग तूच सांग त्याला.”

येईल कसा? मी पट्टी उतरवत गेलो तसा होझीचा तळही खाली खाली गेला, माणसाच्या गळ्याला मिळणार नाही इतका. अकरा वर्षांत हे माझ्या टाळक्यात एकदाही शिरलं नव्हतं.

पाइपांच्या कारखान्यात आम्ही चौघं एकाच पाळीला. न्हाणीघरात अंग धुताना गायचो, तेव्हा होझीच्या आवाजाने पत्र्याची भिंत घुमायची आणि मुकादम ओरडायचं सोडून दारात ऐकत उभा राहायचा. होझीच्याच ब्युइक मोटारीतून आम्ही मिसिसिपीपर्यंत जाऊन गायलो, बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी भरून, कारण वाटेत गोऱ्यांची कुठलीच खाणावळ आम्हा काळ्यांना आत घेत नव्हती. आमच्यातला चौथा, विल्मर, गाडी चालवायचा, होझी मागे बसून झोपेतसुद्धा खर्ज लावायचा. काय दिवस होते ते! आठवलं की अजून गलबलतं.

आणि त्याच माणसाला मी सांगायचं, घरी बस म्हणून?

मी होझीजवळ गेलो आणि सगळं कबूल केलं. तो कोटाचं बटण लावत होता.

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “लेमचा सूर वाचत होता ना? मग म्हटलं, राहू दे.”

त्यानंतर मला त्याच्याकडे बघवेना.

वर चर्च भरलं होतं. तीन गाणी नेहमीसारखी झाली. शेवटचं आमचं गोठ्याचं गाणं. त्यात बाळ जन्मतं तिथे लेम वर चढतो आणि अगदी शेवटच्या ओळीला होझी खाली उतरतो. मी श्वास घेतला आणि पट्टी दिली ती जुनी, कारखान्याच्या दिवसांतली.

लेमने चमकून माझ्याकडे पाहिलं. आता थांबणं शक्य नव्हतं. तो गायला, चढला, आणि ऐन वरच्या सुरावर आवाज फाटला. सगळ्या गावासमोर. पहिल्या बाकावरची एक बाई पुटपुटली, सांभाळ रे देवा त्याला. लेमचं तोंड एवढंसं झालं. माझा जीव तुटत होता, पण मी माझा सूर सोडला नाही.

मग शेवटची ओळ आली आणि होझी उतरला. तो सूर आला, अख्खा आणि भरदार. बाकं थरथरली. म्हाताऱ्या बायका पूर्वीसारख्या हात वर करून उभ्या राहिल्या. लेम गायचं विसरून नुसता ऐकत राहिला.

खाली तळघरात लेम होझीशेजारी बसला आणि त्याने मला विचारलं, पट्टी केव्हापासून उतरवतोयस. मी सांगितलं. तो टायची गाठ सोडवू लागला.

“इतकी वर्षं मी याला म्हातारा झाला म्हणतोय,” तो मला म्हणाला. “आणि तू ऐकून घेतलंस.”

तो होझीकडे वळला.

“पुढच्या नाताळलाही हीच पट्टी. मी वर नाही पोचलो तर नाही पोचलो.”