दिवसा झोपण्याजोगी जागा

"अगं, हे काय चाललंय? ऊठ आधी!"

नवरा दारातूनच दबक्या आवाजात ओरडला. सिस्टर उठली नाही. रिकाम्या बेडरूमच्या उघड्या फरशीवर ती ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच आडवी झाली होती. पर्स उशाला, बूट भिंतीशी, डोळे मिटलेले. घर दाखवायला आलेला एजंट गोंधळला. नळ सोडून बघणारी, भिंतींवर टकटक करणारी, बाल्कनीत उभं राहून शेजारच्यांचं वाळत घातलेलं मोजणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. आडवं होणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"मॅडमना चक्कर आली का? पाणी आणू?"

"चक्कर कसली," नवरा म्हणाला. "मॅडम घर बघतायत."

तिरकसपणे म्हणाला, पण खरं तेच होतं. घर कानांनी बघायचं असतं, असं सिस्टरचं अलीकडे मत झालं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं. खाली शाळा होती आणि शाळेला मधली सुट्टी होती. लिफ्ट बोलणारी होती. "कृपया दार बंद करा, कृपया दार बंद करा," असं ती एखाद्या पिचलेल्या सुनेसारखी विनवत होती, आणि सुनेचं ऐकतात तितपतच लोक तिचं ऐकत होते.

"एकदम शांत एरिया," एजंट म्हणाला. "रात्री टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"आणि दिवसा?"

"दिवसा घरी कोण असतं, मॅडम?"

"मी," सिस्टर म्हणाली, आणि बूट घालू लागली.

लहान गावातल्या दवाखान्यात अर्धं आयुष्य काढल्यावर तिला या मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती. पगार बरा, ड्यूटी रात्रीची. नवऱ्याचं दुकान बंद पडल्यापासून तो पुढे काय करायचं याचा विचार करत होता, आणि विचार काय, कुठल्याही शहरात करता येतो. म्हणून दोघं सामान गुंडाळून आली आणि घर मिळेपर्यंत थोरल्या दिरांकडे उतरली.

दिरांना सिस्टर मनातल्या मनात 'नकाशा' म्हणायची. शहरातली प्रत्येक वस्ती त्यांना पाठ होती, म्हणजे तिथे कोण राहतं ते नव्हे, तिथे राहणाऱ्याला लोक काय समजतात ते. "पत्ता असा पाहिजे," ते सांगत, "की नुसता उच्चारला तरी समोरच्यानं खुर्ची पुढे केली पाहिजे." त्यांचा स्वतःचा पत्ता तसा होता. त्या पत्त्यावरच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि मिक्सर यांच्या मधोमध, सोफ्यावर सिस्टर दिवसा झोपायची. झोपायची हा तिचा शब्द. जाऊबाई फोनवर सांगत, "काही नाही गं, आमच्या धाकट्या बाई लोळतायत." जाऊबाई स्वतः जेवणानंतर घोरत. ती विश्रांती.

परवाच्या रात्री सिस्टरने एका म्हाताऱ्या पेशंटच्या सलाइनला सिरिंज लावायला घेतली आणि म्हातारा म्हणाला, "सिस्टर, माझं नाही हो ते. शेजारच्याचं." तिने हातातलं लेबल वाचलं. म्हातारा बरोबर होता. तो जागा होता म्हणून वाचला. नर्स मात्र उभ्या उभ्या झोपली होती.

तिने स्वतः जाऊन इन्चार्जबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "झोपायची सोय लावा, सिस्टर. पुन्हा असं झालं तर तुम्हाला वॉर्डात ठेवता येणार नाही. आणि सगळेच पेशंट काही जागे नसतात."

सकाळी तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो पेपर खाली न ठेवता म्हणाला, "मग चहा घेत जा ना."

दुसरी जागा नकाशांनी स्वतः शोधलेली होती. फाटकाला कमान, कमानीखाली कुंड्या, कुंड्यांना नंबर. सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसात वाट बघत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली ती नकाशांना आणि नवऱ्याला. सिस्टर उभी राहिली. उभं राहायची तिला सवय होती.

"मिसेस काय करतात?"

"नर्स आहे," नवरा म्हणाला.

"वा, वा. सेवेचं काम. ड्यूटी कधीची?"

"रात्रीची," सिस्टर म्हणाली.

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "काय आहे, साहेब, आमच्याकडे सगळे फॅमिलीवाले. आता बाईमाणूस संध्याकाळी बाहेर पडणार, सकाळी परत येणार. आपल्याला ठाऊक आहे हो, पण वॉचमनला काय सांगायचं? लोक बोलतात. दिवसाची ड्यूटी नाही का मागून घेता येत?"

"घेता येईल की," नकाशा घाईने म्हणाले. "दोनेक महिन्यांत होईल तेही."

हे सिस्टरला पहिल्यांदाच कळत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कुंड्या बघत होता.

"सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, "तुमच्या सोसायटीत रात्री कुणी आजारी पडतं का?"

"म्हणजे? पडणारच ना."

"पडू देऊ नका. सगळ्यांना सांगून ठेवा, पडायचं तर दिवसाच पडा. रात्री आलात तर तिथे सगळ्या रात्री बाहेर पडणाऱ्या बायका असतात. उगीच लोक बोलतील."

आणि ती कमानीखालून बाहेर चालू लागली. मागे नकाशा सेक्रेटरींची माफी मागत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. तिच्याबद्दल माफी मागायचा या घराला चांगलाच सराव होता.

फुटपाथवर नवऱ्याने तिला गाठलं. "तोंड आवरता येत नाही तुला? दादाने किती शब्द टाकला होता!"

"माझी ड्यूटी बदलायचाही शब्द त्यांनीच टाकला?"

"अगं, बोलायची पद्धत असते. माणूस म्हणतो तसं."

सिस्टरच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. तिने फाटकाबाहेर थांबलेल्या एजंटाकडे वळून विचारलं, "अजून काय आहे?"

"एक किल्ली आहे, पण ती दाखवण्यासारखी जागा नाही, मॅडम. छापखान्यांच्या गल्लीत आहे."

"छे, छे!" मागून धापा टाकत आलेले नकाशा म्हणाले. "पेपर छापतात तिथे. रात्रभर मशिनं धडधडतात, गठ्ठे काय फेकतात, ट्रक काय येतात. सभ्य माणसाचा डोळ्याला डोळा लागणार नाही."

"रात्रभर?" सिस्टरने विचारलं.

"रात्रभर म्हणजे पार उजाडेपर्यंत! दिवसा बघशील तर चिटपाखरू नसतं."

आपण काय बोललो हे नकाशांना कळलं नाही. एजंटाला कळलं. त्याने खिशातून किल्ली काढली.

गल्लीत सगळी शटर खाली होती. एका बंद दारापाशी कुत्रं पसरलं होतं, त्याने एक डोळा उघडला आणि यात आपलं काही नाही असं ठरवून मिटला. जिन्यात शाईचा वास. वर एक मोठी खोली, एक छोटी, खिडकीबाहेर समोरच्या छापखान्याची कोरी भिंत. रंग उडालेला. पत्ता सांगितला तर समोरचा होती ती खुर्चीही काढून घेईल असा.

सिस्टरने बूट काढले, छोट्या खोलीत पर्स उशाला घेतली आणि आडवी झाली. कान लावला. काही नाही. लांब कुठेतरी सायकलची घंटा, मग तीही नाही.

"घेऊ या," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?" नवऱ्याचा आवाज चढला. "इथे? लोकांना काय सांगू मी?"

"बायको दिवसा झोपते म्हणून सांगा."

"आपल्या घरात आजवर कुणी असल्या गल्लीत—" नकाशांनी सुरू केलं.

"भाऊजी, भाडं माझ्या पगारातून जाणार आहे. तुम्ही खुर्चीवर बसा आपल्या घरी."

नवरा तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा खरोखर काळजीत पडलेला दिसत होता. "अगं, पण रात्रभर मशिनं चालणार इथे. माझ्या झोपेचं काय?"

इतक्या दिवसांत या विषयावर झोप हा शब्द त्याने आज प्रथमच वापरला होता. सिस्टरला ते जाणवलं. हसावं की उठून त्याच्या कानाखाली द्यावी, हे तिला ठरवता येईना. दोन्हीला अंगात त्राण नव्हतं.

"चहा घेत जा," ती म्हणाली.

यापुढचं तिने ऐकलं नाही. नवरा बोलत राहिला, मग थांबला, कारण समोरून उत्तर येत नव्हतं. तिचं तोंड किंचित उघडलं होतं. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती, नाडी बघतात तशी.

"अरे, उठव तिला!" नकाशा दारातून कडाडले. "हा काय तमाशा—"

एजंटाने ओठांवर बोट ठेवलं. दारापाशी पडलेले तिचे बूट त्याने उचलून नीट भिंतीशी लावले आणि दोघा भावांना जिन्याकडे जायची खूण केली.

"हळू बोला, साहेब," तो कुजबुजला. "मॅडम घर बघतायत."