पाण्याखालची डुबी

घरात तिला डुबी म्हणत. लहानपणी पाण्यात सोडली की बुडी मारायची आणि वर यायचं नावच घ्यायची नाही. आईचा जीव टांगणीला लागायचा, बाबा काठावर हसत उभे. तरणतलावावर शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पोरीची छाती म्हणजे लोहाराचा भाता आहे, हे त्यांनी तेव्हाच हेरलं.

त्यांनी तिला ब्रेस्टस्ट्रोकला घातलं, तेही पाण्याखालून. तेव्हा ते चालायचं. वर बाकीच्या मुली लाटांशी झुंजत असायच्या आणि ही खालून सुळकन भिंत गाठायची. राष्ट्रीय संघात तिची जागा ठरल्यासारखीच होती.

मग कुठल्याशा स्पर्धेत एक मुलगी श्वास रोखून पोहताना पाण्याखालीच बेशुद्ध पडली. ती वाचली, पण नियम बदलला. उडीनंतर आणि वळल्यावर एकच हात पाण्याखाली मारायचा, पुढे प्रत्येक हाताला डोकं वर. नियमाला नावं तरी कशी ठेवणार?

"श्वास रोखायला शिकलीस, घ्यायला नाही शिकणार?" बाबा म्हणाले.

"बाबा, डोकं वर काढलं की माझे पाय दगडासारखे खाली जातात."

"जमेल. मी आहे ना."

रोज पहाटे बाबा काठाने तिच्याबरोबर चालत, "वर! वर!" ओरडत. त्यांचा घसा बसला, तिचे गुडघे सुजले. इतकी वर्षं तिच्या मागे राहणारी एक उंचाडी मुलगी आता सहज पुढे जाऊ लागली. कपडे बदलताना एकदा म्हणालीही, "तुला अशी हरवून मजा येत नाही गं." डुबीला ते शिवीपेक्षा लागलं.

निवड चाचणीत अर्धं अंतर ती नियमाने पोहली आणि सगळ्यांच्या मागे राहिली. भिंतीला वळली. पाण्याखाली एक हात मारला. आता वर यायचं होतं. ते तिला ठाऊक होतं, तरी ती आली नाही. कानातला गलका थांबला, अंग हलकं झालं. एकेक करून सगळ्या तिच्या डोक्यावरून मागे सरकल्या.

भिंतीला हात लावून ती वर आली तेव्हा पहिली होती, आणि तिला बाद ठरवणारा पंचाचा हात वर होता.

पंच बाबांचाच जुना शिष्य. जवळ येऊन घुटमळला. "मास्तर, माझा नाइलाज..."

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले आणि टॉवेल शोधू लागले. टॉवेल त्यांच्याच खांद्यावर होता.

"मला जमणार नाही, बाबा," वाटेत ती म्हणाली. या वेळी ते 'जमेल' म्हणाले नाहीत.

डुबी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी आईच म्हणाली, "जा गं, नुसती पोहून ये. जिवाला बरं वाटेल."

ती गेली. बुडी मारून तळाशी राहिली. लगेच वरून शिट्ट्या ऐकू आल्या, म्हणून ती वर आली. नवा जीवरक्षक काठावरून ओरडत होता, "ताई, श्वास रोखून खाली राहायला इथेही बंदी आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि शिडीकडे गेली.

पलीकडच्या टोकाला बाबा नव्या मुलींना डोकं वर काढायला शिकवत होते. त्यांनी एकदा वळून पाहिलं, आणि पुन्हा मुलींकडे तोंड केलं.