डाव्या हाताची शुगर

भिलाईतल्या कोहक्याच्या त्या टिनाच्या शेडात त्या दिवशी पाय ठेवाले जागा नव्हती. जानेवारीचा महिना. कोरोनाची पहिली लाट ओसरून गेली होती अन् सगळ्याईचे मास्क हनुवटीवर येऊन बसले होते. समोर तखतावर मधुमुक्त महाराज. पांढरी दाढी, पिवळा शेला अन् हातात काय, तर शुगर पाहाची मशीन! मी लय बाबा पाहिले. हातातून राख काढणारे पाहिले, लिंबातून रक्त काढणारे पाहिले. पण सुई टोचून चमत्कार दाखवणारा हा पहिलाच.

"मशीन घर से लाए हो ना, बच्चा?" महाराज माइकवर ओरडले. "अपनी ही लाओ! पट्टी भी अपनी लाओ! बाद में मत कहना कि बाबा की मशीन झूठी है!"

या एका वाक्यानं त्यानं माही बोलती बंद केली.

मी फकिरा. स्टील प्लांटात क्रेन चालवतो अन् उरलेल्या टायमात लोकाईची फिरकी घेतो. दीनानाथ माहा शेजारी, त्याच प्लांटात रेल्वेचे रूळ बनतात त्या रेल मिलवाला. त्याच्या टिफिनात रबराची पाल ठेवणारा मीच, अन् त्याच्या स्कूटरचा हॉर्न काढून तिथं पिपाणी बसवणारा बी मीच. त्याले चौदा वर्षांपासून शुगर. सकाळी गोळी, संध्याकाळी इन्सुलिनची सुई. सुई त्याची बायको, गीतावहिनी देत, घड्याळ पाहून. बातम्या लागाच्या आधी सुई, हा त्या घरातला नियम.

त्याले मीच म्हटलं होतं, "चाल बे, कोहक्याले तमाशा पाहून येऊ."

हे 'चाल बे' ध्यानात ठेवा. मले ते आजपर्यंत टोचते.

लाइन सरकली. महाराजानं दीनानाथच्या उजव्या मुठीत खजुराचा बी काढलेला तुकडा ठेवला. "खाना नहीं! शक्कर वाले को खाना मना है. दबाके रखो. इक्कीस बार नाम लो. शरीर की सारी शक्कर खजूर की आवाज सुनके उंगली में आएगी!"

दीनानाथनं एकवीस वेळा नाम घेतलं. घाम फुटला बिचाऱ्याले. मग खजूर टोपलीत टाकला अन् प्रसादाचा हात, आपण तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा, डोक्यावरून फिरवला. प्रसादाचा हात कोण धुते? चेला सुई घेऊन पुढं आला. मी मधातच म्हटलं, "अहो, बोटाले इस्पिरिट तर लावा."

महाराज हसले. "बेटा, स्पिरिट क्या है? दारू की सगी बहन. प्रसाद वाले हाथ पे दारू लगाएगा?"

सगळं शेड माह्यावर हसलं. मी बी हसलो. बोलाले मस्त होता माणूस!

मशीन बोलली: चारशे एकतीस. गर्दीतून 'बापरे' निघालं. मग तांब्याच्या घंगाळात तुळशीचं पाणी. त्यात दोन्ही हात चांगले चोळून चोळून धुवायले लावले, नव्या नॅपकिननं पुसले, पुन्हा टोचलं. एकशे बासष्ट.

"जय हो!" टिनाचं छत हाललं.

आता माही गंमत ऐका. मी तीस वर्षांपासून लोकाईले बनवून राहिलो. फसवाची जागा कुठं असते हे मले ठाऊक. मी मशीन पाहिली, ती दीनानाथची. पट्ट्याईची डबी पाहिली, ती त्यानंच फोडली होती. चेल्याची बाही पाहिली, पाण्याचा वास घेतला. ज्याले फसवाचं त्याच्याच हातात डाव ठेवलेला असन, हे माह्या डोक्यात आलंच नाही.

दीनानाथनं कानात विचारलं, "काही सापडलं का बे?"

"नाही ना यार."

"म्हणजे खरं आहे."

तिथं मी म्हणाले पाहिजे होतं, की मले नाही सापडलं म्हणजे खरं नाही होत गाढवा, मले नाही सापडलं एवढंच होते. पण मी म्हटलं नाही. मी खी खी करून राहिलो होतो. तखताच्या बाजूले एक लाकडी पेटी होती, वर लिहिलेलं 'दवाई त्याग पेटी'. दीनानाथनं खिशातून गोळ्याईची पट्टी काढली अन् पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलं इन्सुलिन बी नेऊन टाकलं.

घरी रोज सकाळी तोच कार्यक्रम. खजूर, नाम, टोचणं, तुळशीचं पाणी, पुन्हा टोचणं. मार्चात एक दिवस वहिनी चिडल्या. "अहो, डॉक्टरले एकदा विचारा तरी."

"तुले आकडा दिसून नाही राहिला का? चारशेऐंशीची दोनशेचाळीस झाली! डायरेक्ट अर्धी!"

जानेवारीत धुतल्या हाताची एकशे बासष्ट होती, ते मार्चात दोनशेचाळीस कावून झाली, हे कोणी विचारलं नाही. मी बी नाही.

एप्रिलात दुसरी लाट आली. भिलाईत लॉकडाऊन, रस्त्यावर फक्त ॲम्ब्युलन्स. दीनानाथले ताप आला, मग खोकला. पाचव्या दिवशी बोटाले लावायची ती ऑक्सिजनची चिमटी सत्त्याऐंशी दाखवाले लागली. दवाखान्यात बेड भेटला तेच नशीब. वॉर्डात घरच्याले बंदी. सामानाची थैली गेटवर द्या अन् फोनची वाट पाहा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर यामिनीचा फोन आला. वहिनीनं स्पीकरवर टाकला.

"तुमचे मिस्टर इन्सुलिन घेऊ देत नाहीत. म्हणतात, सुई घेतली की औषध सोडल्याचं व्रत मोडतं."

"डॉक्टर, ऑक्सिजन तर चालू आहे ना? शुगरचं मागून पाहू," मी म्हटलं.

"मागून नाही जी, आत्ताच. कोरोना सगळ्यालेच धरतो. पण शुगर बेकाबू असली की शरीराचे शिपाई सुस्त पडतात, फुप्फुसाची सूज जास्त चढते, रक्तात गाठी होतात. वरून हा आजार स्वतःच शुगर वाढवतो. ऑक्सिजन लागलेल्याले स्टिरॉइड द्यावं लागतं, त्यानं अजून वाढते. शुगरवाले सगळेच जातात असं नाही. ज्यांची ताब्यात असते असे कितीतरी लोक मी चालत घरी पाठवले. याच वॉर्डातून. तुम्ही त्यांना समजवा."

फोन ठेवला. थोड्या वेळानं दीनानाथचाच फोन. आवाज फाटलेला. "गीता... खजूर संपले. फकिराच्या हातानं पाठव. अन् तुळशीचं पाणी."

वहिनीनं माह्याकडं पाहिलं. चौदा वर्षं सुई देणाऱ्या त्या बाईनं खजुराची पुडी थैलीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. "नाही पाठवले तर मनानं खचतीन. पाठवले तर... भाऊ, काय करू?"

मी थैली घेऊन निघालो.

गेटवर पांढऱ्या किटमधली एक नर्स आली. पाठीवर स्केचपेननं नाव लिहिलेलं: वैभवी. तिनं थैलीत पाहिलं अन् तिथंच थांबली.

"खजूर तुम्हीच पुरवून राहिले का काका?"

"कावून? काय झालं?"

"काल मशीननं पाचशेसाठ दाखवली. लॅबमधून नसेतल्या रक्ताचा रिपोर्ट आला, तर तीनशेचाळीस. मले समजे ना. मग पाह्यलं तर मुठीत खजूर! बोटाले खजुराचा गोडवा चिकटलेला, अन् मशीन तोच मोजून राहिली. साबणानं हात धुतले, पुन्हा टोचलं, तीनशेअडतीस. पाचशेसाठच्या हिशोबानं सुई देली असती तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडला असता." तिनं थैली परत माह्या हातात देली. "मशीनले रक्तातली साखर अन् बोटावरची साखर वेगळी नाही समजत काका."

मी स्कूटर कशी घरी आणली, मले आठवत नाही. मले शुगर नाही, कधीच नव्हती. वहिनीच्या ओट्यावर बसलो, खजूर मुठीत दाबला, एकवीसपर्यंत मोजलं, दीनानाथची मशीन घेऊन टोचलं. चारशे अठरा. हात धुतले. सत्त्याण्णव.

मले पहिले हसू आलं. खरंच आलं. असा साफ डाव मी आयुष्यात नव्हता केला. मग दीनानाथची गोळ्याईची पट्टी त्या त्याग पेटीत पडताना दिसली.

"वहिनी, व्हिडिओ कॉल लावा. अन् तुमची पिवळी ओढणी द्या."

वैभवीनं तिकडं फोन धरला. दीनानाथच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे खोल गेलेले. मी डोक्याले ओढणी गुंडाळली. "बच्चा दीनानाथ! बाबा फकिरानंद आज खुद पेशंट बने हैं! ये बायाँ हाथ, इसमें खजूर. ये दाहिना, साबुन से धुला हुआ. आवाज आ रही है ना, खजूर की?"

बाजूच्या बेडवरचं कोणी हसलं. वहिनीनं डाव्या बोटाले टोचलं, आकडा कॅमेऱ्यापुढं धरला. चारशे बावीस. उजव्याले टोचलं. शहाण्णव.

"पाह्य बे! माहा डावा हात शुगरचा पेशंट, उजवा एकदम तंदुरुस्त! आता डॉक्टर मले अर्धीच सुई देतीन का?"

मास्क वाफेनं भरला. तो हसून राहिला होता. मग खोकला.

"म्हणजे जानेवारीत...?"

"जानेवारीत तुही एकशे बासष्टच होती दीना. गोळीनं. वहिनीच्या सुईनं. महाराजानं फक्त तुहे हात धुतले."

त्यानं डोळे मिटले. पाणी कानाकडं वाहत गेलं. मग हात वर करून म्हणे, "सिस्टर... सुई द्या."

तीन दिवसांत शुगर दोनशेच्या खाली आली. चौथ्या दिवशी त्यानं मले मेसेज केला, 'घरी येऊ दे, तुह्या टिफिनात खरी पाल ठेवतो.' मी तो मेसेज आमच्या कॉलनीतल्या सगळ्या सेक्टरले दाखवला.

पण फुप्फुसानं लय मार खाल्ला होता. नवव्या दिवशी पहाटे दीनानाथ गेला. आम्हाले बांधलेली पिशवी दिसली, तीही दुरून.

वहिनीनं डॉक्टर यामिनीले एकच विचारलं. "सुई चालू असती तर वाचले असते का?"

"पक्कं नाही सांगू शकत ताई. कोणीच नाही सांगू शकत. पण लढाई इतक्या मागून सुरू करावी लागली नसती."

ऑगस्टात शेड पुन्हा उघडलं. वहिनी माह्या दारात येऊन उभ्या. हातात दीनानाथची मशीन, साबणाची वडी अन् पाण्याची बाटली. "मले कोहक्याले न्या."

तीच गर्दी, तोच माइक. लाइनीत आमच्यापुढं जामुलहून बसनं आलेली रंभाबाई होती. तिनं आमच्यासमोरच गोळ्याईची कापडी थैली पेटीत टाकली. महाराजानं तिले बाजूले बसवलं, खजुराची वेळ येईपर्यंत. मग वहिनीचा नंबर. त्याईनं डावा हात पुढं केला.

"बाई, दाहिना."

"दाहिना मी घरून धुवून आणला महाराज. त्याले काही लावलं नाही."

एकवीस नाम. डावं बोट: चारशे पाच. उजवं बोट, तिथल्या तिथं, घंगाळाचं पाणी न लावता: एकशे एक. वहिनीनं मशीन वर धरली. "मले शुगर नाही. कधीच नव्हती. मग ही चारशे पाच कोणाची जी?"

मी मनात म्हटलं, मेला आता बाबा.

महाराजानं डोळे मिटले, हात वर केला. "बेटी, तेरे माथे पर कुंकू नहीं है. तेरे पति का दुख है ये, जो बाएँ हाथ में उतरा है."

"जय हो!" अर्धं शेड ओरडलं.

मी उठलो, ओरडलो, "खजूर आहे तो, खजूर!" पण माइकसमोर माहा आवाज कुठं पोचते? चेल्यानं माहा खांदा धरला.

वहिनी ओरडल्या नाही. त्या रंभाबाईजवळ जाऊन खाली बसल्या. "बाई, तुमचा हात द्या." बाटलीच्या पाण्यानं, साबणानं तिचा हात धुतला, पदरानं कोरडा केला. चौदा वर्षांच्या सवयीनं असं टोचलं, की रंभाबाईले समजलं बी नाही. दोनशे सत्त्याऐंशी.

"ना खजूर, ना नाम. हे तुमचं खरं. गोळी घेता तरी इतकी आहे. सोडली तर कुठं जाईन? माहा माणूस याच पेटीत गोळ्या टाकून गेला."

रंभाबाईनं आकड्याकडं पाहिलं, वहिनीच्या कपाळाकडं पाहिलं. मग उठली अन् सरळ पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

"माई!" चेला धावला. "त्याग किया हुआ वापस नहीं लेते!"

"माह्या आहेत ना," ती म्हणाली अन् थैली काढून घेतली.

तिच्यामागं दोघं उठले. मग अजून एक म्हातारा. बाकीचे बसूनच राहिले, मुठीत खजूर दाबून. खोटं कायले सांगू.

महाराज आता दुसऱ्या गावात बसते म्हणतात. मी जिथं जातो तिथं डाव्या-उजव्या हाताचा खेळ करून दाखवतो. लोक हसतात. हसू द्या. त्या दोन वर्षांत टीव्ही, सरकार, फोनची ट्यून, सगळे एकच सांगत होते, हात धुवा. दीनानाथ दिवसातून वीस वेळा धुवे. फक्त पहिलं बोट टोचाच्या आधी नाही धुतले.

म्हणून सांगतो. हात धुवा, मग टोचा. आकडा काही बी येवो, डॉक्टरले विचारल्याशिवाय गोळी अन् सुई सोडू नका. साथीच्या दिवसात तर बिलकुलच नाही. अन् माह्यासारखा कोणी मस्तीत 'चाल बे, तमाशा पाहू' म्हणाला, तर जरूर जा. पण त्याले पहिले विचारा: तुले तिथं काही नाही सापडलं, तर तू मले काय सांगशील?